वाहनाचे वहन

अपघातात सापडलेल्या मनुष्याचे काय करावयाचे, याविषयी महाराष्ट्र शासनाचा विचार पक्का झालेला आहे. 108 हा क्रमांक लावला की रुग्णवाहिका येते, तीत डॉक्टर असतो, प्राणवायूची नळी असते, आणि इस्पितळाच्या दारात उतरवून घेताना कोणीही भाड्याचे नाव काढीत नाही. 2014 सालापासून चालत आलेली ही व्यवस्था इतकी निरपेक्ष आहे की तिचा लाभ घेणाऱ्या मराठी गृहस्थास आपण कोणाचे तरी देणे बुडवून आलो अशी रुखरुख लागून राहते, आणि तो निदान चालकाने चहा तरी घ्यावा असा आग्रह स्ट्रेचरवरून धरतो. परंतु त्याच डांबरावर, त्या गृहस्थाच्या अंगाशेजारी, दीडशे किलो वजनाची जी दुसरी काया कण्हत पडलेली असते, तिच्याविषयी कायद्याने एवढेच ठरवून ठेवले आहे की तिला तेथून हलविण्याचा सर्व खर्च तिच्या मालकाने सोसावा. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या 127 व्या कलमात ही तजवीज आहे. मोडके वाहन रहदारीस अडथळा करीत असेल तर ते पोलीस अधिकाऱ्याच्या हुकुमाने उचलता येते, आणि उचलणावळ मालकाच्या नावे पडते. आता ही उचलणावळ किती, याविषयी कलम मौन धारण करते. कोणी द्यावयाचे हे सांगून संसद थांबली, आणि किती द्यावयाचे हा उर्वरित अधिकार तिने घाटातल्या क्रेनवाल्याकडे सोपविला. राज्यशास्त्राच्या ग्रंथांतून ज्याला प्रदत्त विधिनियमन म्हणतात, त्याचे याहून शुद्ध उदाहरण निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे ज्ञान मला माझ्या भाच्याच्या कृपेने झाले. भाद्रपदातल्या एका रविवारी कास पठारावरील फुले पाहावीत या सात्त्विक हेतूने तो पहाटे पाचच्या सुमारास पुण्याहून मोटरसायकलवर निघाला, आणि खंबाटकी घाटाच्या एका वळणावर, कोणा मालट्रकातून ठिबकलेले ऑइल व त्यावर पडलेला रिमझिम पाऊस यांचा जेथे संयोग झालेला होता तेथे, तो एका दिशेस व त्याची मोटरसायकल दुसऱ्या दिशेस अशी फारकत झाली. डोक्यावर हेल्मेट होते, म्हणून डोके जागच्या जागी राहिले. डाव्या मनगटाचे एक हाड तेवढे सरकले. मोटरसायकलीने मात्र कठड्याशी समोरासमोर गाठ घेतली होती. तिचा पुढचा चिमटा वाकला, हँडल टाकीवर येऊन टेकले, हेडलाइटची काच रस्ताभर झाली, आणि पुढचे चाक मडगार्डात असे रुतून बसले की ढकलत नेण्याचीही सोय उरली नाही. भाचा ग्रामीण रुग्णालयात फुकट पोहोचला. मोटरसायकल क्रेनला लटकून पोलीस चौकीत पोहोचली. फुले दोघांनीही पाहिली नाहीत.

इस्पितळाने, अपघाताची केस म्हणून, चौकीस वर्दी दिली. वर्दीमागून जबाब आला, जबाबामागून पंचनामा, पंचनाम्यामागून मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी. याच कायद्याच्या 136 व्या कलमात असे आश्वासन आहे की अपघातातले वाहन सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांच्या आत मालकास परत करावे. मसुदा करणाऱ्याच्या चातुर्याला दाद द्यावयाची ती येथे. कारण चोवीस तासांचे घड्याळ सोपस्कार संपल्यावर सुरू होते, आणि सोपस्कारांना घड्याळ नाही. चौकीतले हवालदार स्वभावाने सज्जन होते. त्यांनी आम्हांस खुर्च्या दिल्या, भाच्याच्या मनगटाची चौकशी केली, आणि आरसी, विमा, परवाना व पीयूसी यांच्या नकला मागितल्या. यांपैकी शेवटच्या कागदाचे मला विशेष कौतुक वाटले, कारण धूर सोडण्याचीच नव्हे तर हूं का चूं करण्याचीही शक्ती जिच्यात उरली नव्हती, त्या गाडीचा धूर मर्यादेत असल्याचा दाखला आम्ही त्यांना आदरपूर्वक सादर केला आणि त्यांनी तो तितक्याच आदराने नस्तीस लावला.

सोपस्कार चालू असताना मी चौकीच्या मागील आवारात एक फेरी मारली. मुद्देमालाच्या गाड्या तेथे अनेक पावसाळे उभ्या असाव्यात. एका जीपच्या बॉनेटमधून गुळवेल वर चढून पुढच्या काचेवर पसरली होती. तीन स्कूटर एकमेकींच्या अंगावर रेलून इतक्या गंजल्या होत्या की कोणते हँडल कोणाचे हे सांगणे न्यायालयासही कठीण गेले असते. आणि एका रिक्षाच्या मागील सीटवर एक कोंबडी अंडी उबवीत बसलेली होती, तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले तीवरून रिक्षाचा ताबा सध्या कोणाकडे आहे याविषयी शंका उरली नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहने ठाण्यांच्या आवारात दीर्घकाळ कुजत ठेवण्यात काही अर्थ नाही, योग्य ते हमीपत्र घेऊन ती लवकर सोडावीत, असे बजावलेले आहे. तो निवाडा कोंबडीपर्यंत पोहोचलेला दिसला नाही.

आता माझ्या मेहुण्यांचा परिचय करून देणे प्राप्त आहे, कारण या प्रकरणाचे नायक भाचा नव्हे, भाच्याचे वडील होत. दाजींची सारी हयात लेखापरीक्षणाच्या खात्यात गेली. निवृत्तीनंतर माणसे ज्ञानेश्वरी वाचतात किंवा सकाळी टेकडीवर जातात. दाजी पावत्या वाचतात. दूधवाल्याच्या महिन्याच्या हिशेबातील अर्ध्या लिटरची तफावत शोधून काढल्यावर त्यांच्या मुखावर जी शांती पसरते, ती मी काही संन्याशांच्या मुखावरही पाहिलेली नाही. चिरंजीवाचे हाड जुळेल की नाही ही चिंता त्यांनी माझ्या बहिणीकडे सोपविली, व खर्चाची बाजू स्वतःकडे घेतली.

क्रेनचे मालक चौकीसमोरच्या टपरीवर भेटले. उंचेपुरे, कपाळावर बुक्का, वाणी मृदू. त्यांनी एका वहीच्या पानावर लिहून दिलेला तपशील असा होता: घाटात येणे 1000, गाडी उचलणे 800, रात्रीचा आकार 400, पावसाचा आकार 300, एकूण 2500. दाजींनी चष्मा लावून तो कागद दोन वेळा वरून खाली आणि एक वेळ खालून वर वाचला, बेरीज बरोबर असल्याचे पाहून ते किंचित खट्टू झाले, आणि मग तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "रात्रीचा आकार कशाबद्दल? अपघात साडेसहाला झाला. तुम्ही सातला पोहोचलात."

"सायेब, आमची रात आठ वाजंस्तवर."

दाजींच्या पिशवीत पंचांग असते. दाते पंचांग काढून त्यांनी त्या तिथीचा सूर्योदय काढला व तो साडेसहाच्या आधीच झालेला आहे हे क्रेनवाल्यांच्या निदर्शनास आणून दिले. टपरीवरील मंडळी चहाचे कप घेऊन जवळ सरकली. क्रेनवाल्यांनी पंचांग हातात घेतले, कपाळाला लावले, आदराने परत दिले, आणि म्हणाले, "पंचांगात उगावला आसंल, काका. घाटात उगावला नव्हता. ढग हुते."

या युक्तिवादास लेखापरीक्षणाच्या नियमावलीत उत्तर नसल्यामुळे दाजी पावसाच्या आकाराकडे वळले. ढग होते म्हणून रात्र धरावयाची आणि त्याच ढगांतून पाऊस पडला म्हणून त्याचे निराळे घ्यावयाचे, ही एकाच बाबीची दुबार आकारणी नव्हे काय, हा त्यांचा प्रश्न माझ्या मते बिनतोड होता. क्रेनवाल्यांनाही तो बिनतोड वाटला असावा, कारण त्यांनी त्याचे उत्तर न देता दाजींसाठी आणखी एक चहा मागविला, आणि मग आपला हुकमी एक्का काढला. दाजींनी गाडी कशी हलकी आहे, दीडशे किलोसुद्धा धड नाही, घरची दोन माणसे उचलतात, असे प्रतिपादन केल्यावर ते म्हणाले, "गाडी हलकी आसंल. घाट हलका न्हाय." पैसे देण्यात आले. पक्के बिल मागितले असता अठरा टक्के जीएसटी वेगळा पडेल असे कळले, तेव्हा जन्मभर कच्च्या पावत्या नामंजूर केलेल्या त्या पुरुषाने वहीचे पान घडी करून खिशात ठेवले. त्या वेळी मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो.

खरे सांगावयाचे तर या धंद्याचा राग धरण्यात मला फारसे तथ्य वाटत नाही. रिक्षाला मीटर आहे, एस.टी.ला दरपत्रक आहे, रेल्वे फलाटावरील परवानाधारक हमालाच्या दंडावर बिल्ला असून त्याची मजुरीही रेल्वेने ठरविलेली असते. कारण त्यांच्याकडे जाणारा मनुष्य परत फिरून चालत जाऊ शकतो, या शक्यतेचा धाक त्या दरांमागे असतो. क्रेनच्या गिऱ्हाइकास ही सोय नाही. घाटात, पावसात, मोडक्या मनगटाने, दोन क्रेनवाल्यांच्या दरांची तुलना करीत बसलेला मनुष्य अद्याप जन्मावयाचा आहे. पूर्वी ही निकड आपसात भागत असे. स्कूटर बंद पडली की मागून येणारा अनोळखी गृहस्थ स्वतःच्या स्कूटरवरून पाय लांब करून तो आपल्या गाडीच्या मागच्या बाजूस लावी आणि सारसबागेपासून थेट स्वारगेटच्या मेकॅनिकपर्यंत आपणास पायाने ढकलत नेई; त्याचा मोबदला म्हणजे "थँक्यू हां" एवढेच, आणि फारच लांब नेले असेल तर कटिंग चहा. मोठ्या गाड्यांना ट्रकवाले दोर बांधून टोचन करून नेत. चिमटा वाकलेल्या गाडीस मात्र पाय लावता येत नाही, आणि दोर बांधून नेण्याइतकी ती मोठी नाही. दोन्ही परंपरांच्या मधोमध ती पडते, आणि तेथेच तिला उचलणारा उभा असतो.

या विद्येचा उगमही निकडीतच आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात चॅटनूगा नावाचे शहर आहे, तेथे अर्नेस्ट होम्स नावाचा एक गॅरेजवाला होता. त्याच्या एका परिचिताची फोर्ड मॉडेल टी मोटार ओढ्यात जाऊन पडली, ती ओंडके, दोर आणि सहासात माणसे लावून बाहेर काढण्यात जवळजवळ सारा दिवस गेला, आणि त्या वैतागातून होम्सने 1916 साली एका जुन्या कॅडिलॅक मोटारीवर दांडे, कप्पी व साखळी बसवून वाहन ओढणारे पहिले वाहन सिद्ध केले असे सांगतात. चॅटनूगात आज या धंद्याचे संग्रहालय आहे. होम्सने त्या पहिल्या दिवसाचे पैसे किती घेतले हे मला कोठे वाचावयास मिळालेले नाही. घाटाचा आकार मात्र त्याला लावता आला नसणार, ओढा सखल जागी असतो.

गाडी सुपूर्दनाम्यावर ताब्यात मिळाल्यावर ती पुण्यास न्यावयाची होती, आणि त्यासाठी एक छोटा हत्ती ठरविण्यात आला. त्याचा चालक विशीतला पोरगा होता. गाडी चढविण्याचे काम त्याने ज्या जिव्हाळ्याने केले ते पाहण्यासारखे होते. त्याने मागचे फाळके उघडून एक लांब फळी लावली, तळाशी दोन जुने टायर टाकले, मडगार्ड पहारीने उचकटून चाक मोकळे केले, चौकीतल्या दोन होमगार्डांना हाक मारली, आणि "हळू, हळू, आरशाला धरू नका" असे म्हणत तिला वर घेतले. मग टाकीवर ओरखडा उठू नये म्हणून दोर आणि टाकी यांच्यामध्ये त्याने एक घडी केलेले गोणपाट सरकविले. टाकीवर आधीच हँडलाचा वीतभर पोचा होता, तरीही सरकविले. हँडलाला झेंडूची एक माळ राहिलेली होती, ती बहिणीने बाप्पाच्या विसर्जनाच्या दिवशी घातलेली. चहूबाजूंनी बांधलेली, माळ घातलेली, उंचावर बसलेली ती मोटरसायकल चौकीच्या फाटकातून बाहेर पडली तेव्हा वरातीत निघालेल्या नवरदेवाइतकीच ती स्वतः काही करण्यास असमर्थ, आणि तितकीच खर्चिक दिसत होती.

खर्चाचा तपशील पुण्यात कळला. भाडे 3200, रिकामी फेरी 1600, चढउतार 500, थांबणे 300, असे 5600, आणि टोल वेगळा. रिकामी फेरी म्हणजे काय, असे दाजींनी विचारले. पोरगा म्हणाला, "काका, तुम्हाला सोडून मला परत जायचं ना." यावर दाजींनी असे विचारले की परतीच्या वाटेवर त्याला दुसरे भाडे मिळाले तर ही रक्कम परत करण्याची तजवीज काय, आणि तो प्रश्न इतका अनपेक्षित होता की पोरगा प्रथम गोंधळला, मग हसला, आणि त्याने चढउताराचे दोनशे रुपये आपण होऊन सोडले. माझ्या समजुतीप्रमाणे दाजींच्या लेखापरीक्षणाने सरकारी नोकरीबाहेर केलेली ही पहिली प्रत्यक्ष वसुली.

टोलाचे प्रकरण त्यांना अधिक लागले. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीस पथकर नाही. त्या मोटरसायकलीने खेड-शिवापूरचा नाका आपल्या आयुष्यात कित्येकदा कडेच्या चिंचोळ्या वाटेने, एक पैसा न देता, काहीशा तोऱ्यानेच ओलांडला होता. आणि आता, जेव्हा ती रस्त्याला स्पर्शही करीत नव्हती, तेव्हा तिच्यापायी त्याच नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, आणि रिकाम्या छोट्या हत्तीच्या परतीतही पुन्हा कापले गेले. चालत असताना जिला माफी, तिला झोपून जाताना दुहेरी कर, यात तत्त्व कोणते, असे दाजींनी मला विचारले. मी म्हटले की चाके मोजतात. ते काही वेळ स्तब्ध राहिले व मग म्हणाले, "मग सहा चाके झाली. आमची दोन वजा नकोत का व्हायला?" तशा आशयाचा एक अर्ज त्यांनी लिहून ठेवला आहे. त्याच बैठकीत त्यांनी आणखीही एक हिशेब मांडला. घाटापासून पुण्याचे साठ-पासष्ट किलोमीटर ही गाडी स्वतःच्या बळावर दीड लिटर पेट्रोलात, म्हणजे दीडशेच्या आसपास, आली असती; आणि हीच गाडी रेल्वेच्या पार्सल कचेरीत नेऊन, टाकीतले पेट्रोल काढून, गोणपाटात बांधून पाठविली असती, तर क्रेन धरून झालेल्या या एवढ्या रकमेत ती हिंदुस्थानात कितीतरी दूर जाऊन आली असती. खंबाटकी घाटात पार्सल कचेरी नाही, ही त्यातली अडचण त्यांनाही मान्य होती.

आता सारी भिस्त विम्यावर होती. दुचाकीच्या सर्वसाधारण पॉलिसीत असे कलम असते की अपघाताने गाडी निकामी झाल्यास ती जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा वाजवी खर्च कंपनी देईल. आणि तेथेच, त्याच वाक्याच्या शेपटीस, त्या वाजवीपणाची सीमा आखलेली असते. दर अपघातास कमाल 300 रुपये. 2002 सालच्या मोटर टॅरिफमधील हा आकडा. चारचाकीस 1500, दुचाकीस 300. त्यानंतर पेट्रोल कोठून कोठे गेले, कास पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत जाऊन बसले. हे तीनशे रुपये मात्र घाटातल्या मैलाच्या दगडासारखे अढळ आहेत असे म्हणावे, तर दगडही किलोमीटरचे झाले. जादा हप्ता भरला की ही मर्यादा वाढवून घेता येते, हे पॉलिसी विकणारा सांगतो आणि घेणारा ऐकत नाही, कारण त्या दिवशी त्याची गाडी नवी असते आणि तिच्यावर बसून तो घरी जावयाचा असतो.

दावा दाखल झाला. सर्वेक्षक येऊन गेले, त्यांनी चिमट्याची छायाचित्रे घेतली, प्लास्टिकच्या व रबराच्या भागांवर निम्मी वजावट लावली, सक्तीचे म्हणून आणखी 100 रुपये वजा केले, आणि हे सगळे दाजींनी निमूटपणे मान्य केले, कारण ते सर्व नियमांत लिहिलेले होते. वहनाच्या खर्चाचे 7900 रुपये व टोल, यांपैकी तीनशेच पदरात पडणार हेही त्यांनी स्वीकारले होते. पण त्या तीनशेंवर कंपनीचे एक पत्र आले. सदर वाहन अपघातस्थळापासून जवळ, शिरवळ येथे दुरुस्तीची सोय उपलब्ध असताना ते पुणे येथे का नेण्यात आले, याचा खुलासा व्हावा. खुलासा समाधानकारक नसल्यास वहनखर्चाची बाब अग्राह्य धरण्यात येईल.

भाचा संतापला. "मामा, तीनशे रुपयांसाठी हे?" असे तो प्लास्टरचा हात हलवीत मला म्हणाला, आणि मीही त्याच्या बाजूने बोलू लागलो होतो. दाजींनी आम्हांला हाताने गप्प केले. त्यांनी पत्र पुन्हा एकदा वाचले, उशीखालून लाल पेन्सिल काढून 'जवळ' या शब्दाखाली रेघ ओढली, आणि जुन्या कचेरीतला कोणी हुशार सहकारी बऱ्याच वर्षांनी भेटावा तसे त्यांचे डोळे लकाकले.

"आक्षेप बरोबर आहे," ते म्हणाले. "मी असतो तर हाच काढला असता."

मग ते उत्तर लिहावयास बसले. खुलाशाचा मजकूर चांगला दोन पाने झाला. मायना मात्र त्यांनी त्या अनोळखी अधिकाऱ्यास नेहमीचा 'महाशय' असा न घालता 'सप्रेम नमस्कार' असा घातला.